मागे बसलेला माणूस

मॅक्स रोच हे नाव मी प्रथम ऐकले ते बँजो पार्टीत ड्रम वाजवणाऱ्या एका पोराच्या तोंडून. हा पोरगा माझ्या हाताखालून चौथी पास होऊन गेलेला. गणितात कच्चा, बाकावर बोटे बडवण्यात मात्र पक्का. त्या बोटांवर मी एकदा पट्टी मारली होती. ते मला आठवते, आणि त्यालाही आठवत असणार. लग्नसराई संपली की त्याच्या हाताला काम नसते. अशाच एका पावसाळी दुपारी तो शाळेच्या ओसरीवर येऊन बसला आणि खिशातला मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "गुरुजी, हे ऐका. ह्यात गाणं नाही, पेटी नाही, काही नाही. एकटा माणूस आहे."

मी ऐकले. एकटा माणूस खरा, पण दोघे-तिघे वाजवीत आहेत असा भास होत होता. खाली पायांचे काम चालले होते : एक घुमणारा ठोका आणि त्यामागून झांजा मिटल्याचे दोन हलके आवाज, धम्, चिक् चिक्, धम्, चिक् चिक्. तीन मात्रांचे हे चाक पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहते. त्याच्यावर हात बोलतात. काही बोलून थांबतात, जणू उत्तराची वाट पाहतात, आणि मग स्वतःच उत्तर देतात. सारा मामला तीन-साडेतीन मिनिटांचा. 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' हे त्याचे नाव. १९६६ साली निघालेल्या 'ड्रम्स अनलिमिटेड' ह्या तबकडीवर तो आहे.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. संगीतात माझी मजल भजनात टाळ कुणाचा चुकला हे ओळखण्यापलीकडे नाही. पण ते जे हातांचे थांबणे होते, ते मात्र मला ओळखीचे वाटले. कुठले ते चटकन ध्यानात येईना. त्या रात्री झोप आली नाही, आणि पुढचे सहा महिने मी ह्या परक्या मुलखातल्या माणसाच्या मागे लागलो.

त्याचा जन्म १० जानेवारी १९२४ चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या न्यूलँड नावाच्या खेड्याकडचा. तो चार वर्षांचा असताना घर उठून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. दक्षिणेतल्या काळ्या माणसांची कितीतरी घरे त्या काळी अशीच उठून उत्तरेकडे आली. आपल्याकडे घाटावरची माणसे गिरण्यांच्या ओढीने मुंबईला आली, तशी. आई धार्मिक गाणी गात असे. दहाव्या वर्षी पोरगा चर्चच्या गायनाला ड्रमची साथ करू लागला. शाळा संपते न संपते तोच ड्यूक एलिंग्टनच्या नामांकित वाद्यवृंदात त्याला बोलावणे आले. तिथला नेहमीचा ड्रमवाला आजारी पडला होता. काही दिवसांचेच काम, पण अठरा वर्षांच्या पोराला तेवढे पुरे असते.

इथे ड्रमवाल्याच्या जागेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, त्याशिवाय पुढची गोष्ट उमजायची नाही. वाद्यवृंदात तो सर्वांच्या मागे बसे. नाचणाऱ्यांच्या पावलांना आधार म्हणून पायाने मोठा ढोल ठोकीत चार चार मात्रा मोजून द्यायच्या, हे त्याचे मुख्य काम. उत्तम ड्रमवाले तेव्हाही होते. जो जोन्स आणि सिड कॅटलेट ह्यांच्याकडे तर रोच गुरूंच्या भावनेने पाही. पण कुणी 'वाजवणारे' म्हटले की ड्रमवाला त्यांत मोजला जाईलच असे नाही. आपल्याकडेही मैफलीच्या जाहिरातीत तबलजीचे नाव बारीक अक्षरांत असण्याचे दिवस फार जुने नाहीत.

हे चित्र बदलले ते हार्लेमच्या लहान लहान क्लबांत, रात्री उशिरा. केनी क्लार्क नावाच्या ड्रमवाल्याने लय पायाच्या ढोलातून उचलली आणि उजव्या हाताच्या पितळी थाळीवर ठेवली. थाळीवर ती नुसती झुळझुळत राहायची. त्यामुळे पाय मोकळा झाला आणि डावा हात मोकळा झाला. आता मध्येच एखादा ठोका देऊन पुढे बसलेल्या सनईवाल्याला, म्हणजे तिकडच्या सॅक्सोफोनवाल्याला, डिवचता येऊ लागले. क्लार्कपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या रोचने हे सूत्र असे काही पुढे नेले, की चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी ह्यांच्या त्या झपाटलेल्या संगीताला, ज्याला बीबॉप म्हणतात, त्याच्या हातावाचून करमेनासे झाले. २६ नोव्हेंबर १९४५ ला पार्करची 'को-को' ही तबकडी भरली गेली. मिनिटाला तीनशेच्या आसपास मात्रा! रोच तेव्हा एकवीस वर्षांचा. त्या धावपळीत त्याच्या हाताला कुठे घाई झालेली नाही. मला विचाराल तर वेगाचे मला एरवी कौतुक नाही. आमच्या तालुक्यात वेगाने वाजवणारे पुष्कळ आहेत. पण पळताना ज्याचा श्वास ऐकू येत नाही असा माणूस विरळा.

नाव झाले, तसा हा गृहस्थ शाळेत गेला. ही त्याची गोष्ट मास्तर म्हणून मला विशेष आवडते. १९५० पासून तीनेक वर्षे तो मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकला. गेला होता तालवाद्ये शिकायला, पण तिथे त्याचे हात धरण्याची पद्धत चुकीची ठरली. जगातले ड्रमवाले ज्या हातांची नक्कल करीत होते, ते हात नापास! त्याने वाद न घालता विषय बदलला आणि रचनाशास्त्र घेतले. आमच्या खात्यात अशी उदाहरणे रोज घडतात. फरक इतकाच, की आमचा नापास पोरगा बहुधा घरी बसतो.

रचनाशास्त्र शिकून आल्यावर त्याने जे केले त्याला तोवर नाव नव्हते. ड्रमसाठी रचना, हे शब्दच तेव्हा कानाला चमत्कारिक वाटत. ड्रमवाल्याला एकट्याने वाजवायची पाळी आली म्हणजे त्याने गडगडाट करावा, काड्या हवेत उडवाव्यात, श्रोत्यांनी शिट्ट्या माराव्यात, असा रिवाज होता. रोच मात्र ढोलांचे स्वर जुळवून घेई. एक छोटा बोल मांडी, तो फिरवून दाखवी, त्याच्यापासून दूर जाई आणि बरोबर घरी परत येई. १९५७ साली त्याने सबंध तबकडी तीन मात्रांच्या तालात काढली. जॅझ म्हणजे चार मात्रा, ही तोवरची जवळजवळ पक्की समजूत. आणि मी ऐकलेल्या त्या १९६६ च्या तबकडीवर तर त्याच्या एकट्याच्या तीन रचना आहेत, त्यांतली एक सिड कॅटलेटच्या स्मरणार्थ. मागे बसलेल्या माणसाने मागेच बसलेल्या दुसऱ्या माणसाला केलेला तो नमस्कार आहे.

पण मी पुढे पळालो. मध्ये १९५६ राहिले.

१९५४ साली रोचने क्लिफर्ड ब्राऊन ह्या तरुण ट्रंपेटवाल्याबरोबर पाच जणांचा संच काढला. ब्राऊन दारूला शिवत नसे, अफूकोकेनच्या वाऱ्याला उभा राहत नसे. त्या मंडळींत ही नवलाची गोष्ट होती. वाजवणे असे, की म्हातारे वादक माना डोलावीत. २६ जून १९५६ च्या रात्री पेनसिल्व्हेनियाच्या हमरस्त्यावर पावसात गाडी घसरली. पंचवीस वर्षांचा ब्राऊन, संचातला पियानोवाला रिची पॉवेल आणि गाडी चालवणारी रिचीची बायको, तिघेही जागच्या जागी गेले. शिकागोला कार्यक्रम होता. त्यानंतर रोच दारूत बुडाला. पुढे त्याने संच पुन्हा उभा केला. त्याच वर्षी नवे सोबती घेऊन तबकडीही भरली. पण ज्याने हे सोसले आहे तो पुन्हा पूर्वीसारखा वाजवीत नाही. तो काय वाजवायचे ते नव्याने ठरवतो.

१९५६ हे साल आमच्याही घरातले आहे. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची कादंबरीकाराला खोड असते, ती मी इथे आवरतो. पण सालाचा उल्लेख निघाला आहे तर सांगून टाकतो.

माझा आज्जा हलगी वाजवीत असे. गावकीचे काम. देवाची पालखी असो, पोळ्याचे बैल असोत, कुणाचे लग्न असो की मयत, बोलावणे आले की खांद्याला हलगी अडकवून निघायचे. आधी गवताचा जाळ करून कातडे शेकायचे, मग सर्वांच्या पुढे चालायचे. पुढे, पण देवळाच्या पायरीपर्यंत. तिथून पालखी आत जाई आणि आज्जा बाहेर उन्हात वाजवीत उभा राही. थांबायचे कधी, हेही आतले लोक ठरवीत. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य आणि कार्याच्या दिवशी पदरात टाकलेले अन्न.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. आज्जाला तिकडे जायला मिळाले नाही. पण पुढल्या पोळ्याला बोलावणे आले तेव्हा त्याने दारातूनच सांगितले, की आता नाही. त्याने हलगी फोडली नाही, जाळली नाही. तुळईच्या खिळ्याला अडकवली. त्या सुगीला आमच्या घरात जोंधळा आला नाही. माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा दहा वर्षांचे होते. त्या वर्षी काय खाल्ले हे ते आजही सांगत नाहीत.

मी जन्मलो तेव्हा हलगीचे कातडे उंदरांनी संपवले होते, नुसते कडे उरले होते. आज्जा म्हातारा झाला होता, पण बोटे म्हातारी झाली नव्हती. दुपारच्या वेळी तो लोखंडी पेटीला पाठ टेकून बसे आणि त्याची बोटे पेटीच्या पत्र्यावर आपोआप चालू लागत. थोडे वाजवून तो थांबे. मग पुन्हा. अण्णा एस. टी.त नोकरीला होते, ते घरी असले की आतून आवाज येई, "आबा, हात आवरा." आज्जा हात गोधडीखाली घेई. मी नऊ वर्षांचा असताना तो गेला.

अण्णांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याच्या बापाला वाजवताना लोकांनी उन्हात उभे केले, त्याच्या कानाला तो ताल गोड कसा लागावा?

रोचविषयी वाचता वाचता मला एक गोष्ट सापडली आणि मी थबकलो. १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवीत निघाले होते, आणि त्या आवाजाने आणखी माणसे येऊन मिळत होती. उठाव चिरडला गेला, आणि पुढच्याच वर्षी मालक लोकांनी जो कायदा केला त्यात गुलामांच्या ढोलांवर बंदी घातली. म्हणजे तिकडे वाजवण्याची बंदी, आणि इकडे वाजवण्याची सक्ती! तिकडच्या माणसाने स्वतंत्र व्हायचे तर ढोल हातात घ्यायचा; आमच्या माणसाने स्वतंत्र व्हायचे तर तो खाली ठेवायचा. दोघांच्याही अंगावर वळ सारखेच. १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी 'दलित पँथर' काढली, तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. पण नावाखेरीज तिकडचा ढोल आमच्यापर्यंत पोचला नाही, आणि पोचला असता तरी अण्णांनी तो उंबऱ्याबाहेरच ठेवला असता.

रोचने तो ढोल कशासाठी हाती घेतला, हे कळायला १९६० सालची त्याची 'वुई इन्सिस्ट' ऐकावी लागते. त्या वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि उठेनात. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात एकोणसत्तर माणसे मेली. तबकडीच्या वेष्टणावर तसाच कट्टा, तशीच बसलेली माणसे, आणि पलीकडे गोरा वाढपी. बोल ऑस्कर ब्राऊन ज्युनियरचे, संगीत रोचचे, गळा ॲबी लिंकनचा. पुढे १९६२ साली दोघांनी लग्न केले आणि ते काही वर्षांनी मोडलेही. पहिले गाणे गुलामांवरच्या मुकादमाचे आहे. पाच मात्रांचा ताल, आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ढोलाच्या काठावर कडाडून पडणारा ठोका. तो चाबूक आहे, हे कुणी सांगावे लागत नाही. ह्या गाण्यात सॅक्सोफोन वाजवला आहे कोलमन हॉकिन्सने. १९४३ साली एकोणीस वर्षांच्या रोचला तबकडीवर प्रथम घेतले ते ह्याच हॉकिन्सने. सतरा वर्षांनी तो ज्येष्ठ माणूस चेल्याच्या हाताखाली येऊन वाजवून गेला, ह्यातला मोठेपणा कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

मधल्या एका रचनेचे तीन भाग आहेत : प्रार्थना, निषेध, शांती. त्यांत शब्द नाहीत. बाईचा गळा आणि रोचचे ड्रम एवढेच. 'निषेध' सुरू झाला आणि ॲबी लिंकनने किंकाळी फोडली. गाण्यातली नव्हे, खरी. एकीमागून एक, सबंध मिनिटभर. पहिल्या वेळी मी मोबाइल बंद केला. शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या, काय झाले म्हणून. दुसऱ्या वेळी कानात बोंडे घालून ऐकले तेव्हा ध्यानात आले, की रोच तिला सावरीत नाही, तिच्या आवाजाला सजवीतही नाही. तो तिच्याबरोबर धावतो आहे. हे कलेत बसते का, असे पुष्कळांनी तेव्हा विचारले. मला ते विचारावेसे वाटले नाही. एवढेच वाटले, की आमच्या घरात ही किंकाळी कुणी फोडलीच नाही. खिळ्याला अडकवून ठेवली.

पुढल्या वर्षी, मे १९६१ मध्ये, कार्नेगी हॉलमध्ये माइल्स डेव्हिसचा कार्यक्रम चालू असताना रोच फलक घेऊन थेट रंगमंचाच्या कडेला जाऊन बसला. आफ्रिका आफ्रिकनांची, अशा अर्थाचे त्यावर लिहिले होते. ज्या संस्थेच्या मदतीसाठी तो कार्यक्रम होता तिच्याविषयी त्याची तक्रार होती. डेव्हिस जुना मित्र, एकाच संचात वाजवलेला. तो वाजवणे थांबवून आत निघून गेला, आणि रोचला हलवल्यावर परत आला. हे वागणे बरे होते असे मला वाटत नाही; दुसऱ्याच्या मैफलीत शिरू नये. पण आयुष्यभर मागे बसलेला माणूस पुढे येतो तेव्हा तो पायऱ्या मोजून येत नाही, हेही खरे. सामाजिक अर्थ नसलेले काही आपण वाजवणार नाही, असे तो त्या सुमारास बोलून चुकला होता. त्याची किंमत त्याने दिली. नंतरच्या काही वर्षांत कामे मिळेनाशी झाली, असे तो स्वतः सांगत असे.

राहिलेले आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण त्यात सुख अधिक आहे. १९७० साली त्याने निव्वळ तालवाद्यांचा एक संच काढला, 'एम्-बूम'. १९७२ पासून तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवू लागला. मुलगी मॅक्सीन व्हायोलाची वादक. तिच्या तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर बापाने आपली चौकडी जोडली. १९८३ साली, गल्लीतली पोरे तबकड्या मागेपुढे फिरवून त्यावर बोलतात त्या नव्या प्रकाराला जुने लोक नाके मुरडीत असताना, हा साठीला टेकलेला माणूस त्या पोरांबरोबर रंगमंचावर बसून वाजवून आला. १९८८ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. जॅझवाल्यांना तो मान तोवर जवळजवळ ठाऊकच नव्हता. १६ ऑगस्ट २००७ ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला.

हे सगळे गोळा होत असताना एक गोष्ट मी टाळीत होतो. त्या पोराच्या बोटांवर मी पट्टी मारली त्या दिवशी माझ्या तोंडून कोणते शब्द निघाले होते, ते मला आठवले होते. "हात आवर." अण्णांचेच शब्द, अण्णांचाच आवाज. अण्णांना निदान कारण होते.

परवा पोरगा पुन्हा आला तेव्हा त्याला हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "लागली नव्हती, गुरुजी." खोटे बोलला. नंतर तो चहा पिऊन गेला आणि मी मोबाइल घेऊन ओट्यावर अण्णांशेजारी बसलो. अण्णा आता ऐंशीला आले आहेत. काही न सांगता तेच 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' लावले. अर्धे होईतो ते रस्त्याकडे पाहत होते.

"हा कुणाच्या दारात वाजवतोय?"

"कुणाच्या दारात नाही, अण्णा. बसून वाजवतोय."

"बसून?"

"स्टुलावर बसून. समोरचे लोकही बसलेले असायचे."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसं ठरवून घ्यायचा, का देतील ते?"

"ठरवून."

"परत लाव."

मी परत लावले. पाय चालले होते, धम्, चिक् चिक्. हातांनी काहीतरी विचारले आणि ते थांबले. अण्णांनी बोट वर केले, मी काही बोलू नये म्हणून.

"आबा हितंच थांबायचं," ते म्हणाले.